वाचकांचे प्रश्न: वैमानिकाची मेडिकल आणि डोळे

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे वाढतात. त्यांत डोळ्यांचा विषय हमखास असतो. यंदा सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे देत आहोत. चाळिशी पार केलेल्या एका वैमानिकाचेही पत्र आले आहे, तेही घेतले आहे.

प्रश्न: मुलाला दोन्ही डोळ्यांना मायनस 4.50 नंबर आहे, शिवाय थोडा सिलिंडर. पायलट व्हायचे म्हणतो. नातेवाईक सांगतात, चष्मा असेल तर तो नाद सोडा. खरे काय? (एक पालक, सातारा)

नातेवाईक हवाई दलाचा नियम सांगत आहेत. सैनिक शाळेच्या गावात तो सगळ्यांना पाठ असणारच. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत भरती होताना मायनस नंबर चालत नाही. प्रवासी किंवा मालवाहू विमानाच्या नागरी वैमानिकाला मात्र हा नियम लागू नाही.

नागरी वैमानिकाची मेडिकल डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनी होते आणि ते नियम इकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिशिष्ट 1 वर बेतलेले आहेत. इकाओच्या निकषात चष्म्याशिवाय किती दिसते याला मर्यादाच घातलेली नाही. क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या मेडिकलसाठी, चष्मा किंवा लेन्स लावून प्रत्येक डोळ्याने वेगवेगळे 6/9 आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6 दिसले पाहिजे. क्लास टू, म्हणजे विद्यार्थी किंवा हौशी वैमानिकाच्या मेडिकलसाठी, हेच आकडे 6/12 आणि 6/9 आहेत. 6/9 म्हणजे निरोगी डोळा जी ओळ 9 मीटरवरून वाचतो ती तुम्हाला 6 मीटरवरून वाचता येते. अमेरिकेत हेच फुटांत मोजतात, तिथले 20/30 म्हणजे आपले 6/9. जवळच्या नजरेसाठी एन5 आकाराची बारीक अक्षरे 30 ते 50 सेंटिमीटरवरून वाचावी लागतात, आणि क्लास वनला त्याखेरीज एन14 ही थोडी मोठी अक्षरे एक मीटरवरून.

मायनस 4.50 ला चष्मा काढल्यावर नजर बहुधा 6/60 पेक्षाही खाली जाते. असे असेल तर पहिल्या मेडिकलआधी आणि पुढे दर 5 वर्षांनी नेत्रतज्ज्ञाचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो. कारण मायनस नंबरच्या डोळ्याची लांबी जास्त असते आणि आतला पडदा ताणला जातो. त्याच्या कडेला पातळ जागा किंवा छिद्रे असू शकतात. त्यांचा त्रास आज काहीच होत नसला तरी उद्या पडदा सुटू शकतो. म्हणून थेंब घालून बाहुली मोठी करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी आत्ताच करून घ्या. छिद्र सापडले तर भोवती लेझर करता येते, आणि ते काम मेडिकलच्या आठवड्यात निघण्यापेक्षा सहा महिने आधी निघालेले बरे.

मुलाच्या नंबरापेक्षा आम्हाला त्याच्या सिलिंडरची, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईमुळे लागणाऱ्या नंबराची, जास्त चौकशी करावीशी वाटते. तो दोन-तीन वर्षे स्थिर असेल तर काही प्रश्न नाही. पण दर सहा महिन्यांनी वाढत असेल, त्याचा अक्ष (कोन) बदलत असेल, मुलगा अ‍ॅलर्जीमुळे डोळे चोळत असेल आणि नवा चष्मा करूनही शेवटची ओळ स्वच्छ दिसत नसेल, तर बुबुळाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करा. केरॅटोकोनस नावाच्या आजारात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. तो बहुधा विशी-बाविशीच्या आत डोके वर काढतो आणि मग चष्म्याने 6/6 मिळेनासे होते. चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नंबर काढून हे कळत नाही.

चष्म्यावर पास झालेल्या वैमानिकाच्या प्रमाणपत्रावर अट येते: उडताना चष्मा लावायचा आणि दुसरा तसाच चष्मा हाताशी ठेवायचा. तो बॅगेत, बॅग मागच्या कप्प्यात, असे चालणार नाही.

प्रश्न: क्लास टू आणि क्लास वन यांचा क्रम काय? आधी फ्लाइंग स्कूलला प्रवेश घ्यावा की आधी मेडिकल? तपासणीला काय न्यायचे? (विद्यार्थिनी, नाशिक)

आधी मेडिकल, तीही दोन्ही, आणि मगच फी. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतली सगळ्यात वाईट पत्रे उलटा क्रम लावलेल्यांची असतात. फीचा मोठा हप्ता भरून झालेला असतो आणि रंगदृष्टीवर क्लास वन अडकलेला असतो.

डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर नोंदणी करून पहिल्यांदा क्लास टू करायची. ती डीजीसीएच्या यादीतला डॉक्टर करतो. यादी संकेतस्थळावर असते आणि त्यात महाराष्ट्रातलेही डॉक्टर आहेत. विद्यार्थी वैमानिकाच्या परवान्याला क्लास टू पुरते, पण व्यावसायिक परवान्याला क्लास वन लागते. क्लास टूचा निकाल डीजीसीएकडे नोंदला गेला की क्लास वनची तारीख घ्यायची. ती हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांत किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रांत होते. बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचे एएफसीएमई (हवाई दलाचे मध्यवर्ती वैद्यकीय केंद्र) ही त्यांतली जुनी नावे. फाइल आधी क्लास टूची, नंतर क्लास वनची अशीच सरकते. मध्ये काही आठवडे जातात हे धरूनच प्रवेशाची तारीख ठरवा.

डोळ्यांपुरती तयारी अशी. चष्मा अलीकडच्या नंबरचा हवा. काचेवर ओरखडे किंवा कोटिंगचे पोपडे असतील तर नवी काच बसवा. फ्रेम वाकून एकीकडे झुकलेली असेल तर सिलिंडरचा अक्ष फिरतो आणि एक ओळ तिथेच जाते. दुकानात पाच मिनिटांत सरळ करून मिळते. नंबरचा कागद, जुने नंबर आणि दुसरा चष्मा सोबत ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सॉफ्ट लेन्स आठवडाभर आधी आणि कडक आरजीपी लेन्स दोन-तीन आठवडे आधी बंद करा. लेन्स बुबुळाचा आकार तात्पुरता दाबते, त्यामुळे ती काढल्याबरोबर घेतलेला नंबर खोटा येतो.

आता थेंबांबद्दल. पडदा तपासायला ट्रॉपिकामाइड घातले तर अंधूकपणा साधारण 4 ते 6 तास राहतो. सायक्लोपेंटोलेटचा परिणाम दिवसभर टिकू शकतो. अ‍ॅट्रोपिन घातले तर आठवडा-दोन आठवडे जवळचे नीट दिसत नाही. त्यामुळे स्वतःच्या नेत्रतज्ज्ञाकडची तपासणी मेडिकलच्या आदल्या दिवशी ठेवू नका. केंद्रातही थेंब घालण्याची शक्यता असते, तेव्हा परतीला स्वतः दुचाकी चालवायचा बेत नको. आदल्या रात्री मोबाइल घेऊन जागरण केले तर जवळ रोखलेला स्नायू सैल पडत नाही आणि मायनस नंबर आहे त्याहून जास्त निघतो. तरुण मुलांत हे वारंवार दिसते.

प्रश्न: चष्म्याच्या दुकानात ठिपक्यांच्या पुस्तकातले तीन आकडे मुलाला चुकले. दुकानदार म्हणाला, किरकोळ आहे, पुस्तक पाठ करून जा. मुलाला सिग्नलचे लाल-हिरवे व्यवस्थित कळते. काळजीचे कारण आहे का? (एक आई, सांगली)

आहे. पुस्तक पाठ करण्याचा सल्ला तर पहिल्यांदा बाजूला ठेवा.

चष्म्याने नंबर भागतो, पण रंगदृष्टीला चष्मा नाही. म्हणून डोळ्यांच्या तपासणीत मनोरथ मोडण्याची जागा बहुधा हीच असते. ठिपक्यांचे पुस्तक म्हणजे इशिहारा. त्याची 38 पानांची आवृत्ती जुनी आणि सर्वत्र आढळणारी आहे. पान 75 सेंटिमीटरवर, नजरेला काटकोनात धरतात आणि प्रत्येक पानाला 3 सेकंद देतात. या आवृत्तीच्या पहिल्या 21 पानांपैकी 17 किंवा जास्त बरोबर आली तर रंगदृष्टी सामान्य धरतात, 13 किंवा कमी आली तर दोष. वैमानिकांच्या तपासणीत याहून कडक मोजमाप असू शकते. युरोपच्या नियमांत 24 पानांच्या आवृत्तीची पहिली 15 पाने उलटसुलट क्रमाने दाखवतात आणि एकही चूक चालत नाही.

पाठांतर इथेच फसते. काही पानांवर सामान्य डोळ्याला 8 दिसतो तिथे दोष असलेल्याला 3 दिसतो. काही पानांवर सामान्य डोळ्याला काहीच दिसत नाही आणि दोष असलेला मात्र आकडा वाचतो! क्रम बदलला की पाठ केलेला मुलगा नेमका तिथेच सापडतो, आणि पुढच्या प्रत्येक उत्तराकडे तपासणारा संशयाने पाहतो.

दुकानातली चाचणी उलट बाजूनेही चुकलेली असू शकते. इशिहाराला दिवसाचा उजेड किंवा त्याच रंगाचा दिवा लागतो. पिवळ्या बल्बखाली हिरव्याचा दोष असलेला मुलगा पास होऊन जातो. पुस्तक जुने, उन्हात विटलेले किंवा बोटांच्या तेलाने डागाळलेले असेल तर निरोगी मूलही चुकते. म्हणून पानाला बोट लावत नाहीत, ब्रशने दाखवतात. मोबाइलवरच्या चाचण्यांचे रंग तर स्क्रीनगणिक बदलतात. तेव्हा नव्या पुस्तकावर, योग्य उजेडात, मोठ्या नेत्र रुग्णालयात चाचणी पुन्हा करून घ्या आणि चष्मा लागत असेल तर लावूनच करा. काच रंगीत मात्र नको.

तिथेही चुकला तर पुढची पायरी लँटर्न. अंधाऱ्या खोलीत ठरावीक अंतरावरून लाल, हिरवे, पांढरे छोटे दिवे दाखवून रंग विचारतात. हवाई दलाच्या केंद्रांत मार्टिन लँटर्न वापरतात. इकाओचा नियम असा की पुस्तकात चुकलेला उमेदवार विमानचालनात लागणारे रंग चटकन ओळखू शकला आणि दिव्यांचे रंग बरोबर सांगू शकला तर त्याला पात्र ठरवता येते. क्लास टूला हेही जमले नाही तर 'फक्त दिवसा उड्डाण' अशी अट घालण्याची सोय त्याच नियमात आहे. क्लास वनला तशी सवलत नाही.

सिग्नलचे रंग कळतात हे खरे, पण चौकात लाल वर आणि हिरवा खाली हे जागेवरूनही कळते. रात्रीच्या धावपट्टीवर तशी खूण नसते. धावपट्टीशेजारी पापी नावाचे चार दिवे एका ओळीत असतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतरण बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली. समोरच्या विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा दिवा असतो. कोणता दिवा दिसतो यावरून ते आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे हे ठरते. 26 जुलै 2002 रोजी अमेरिकेत टॅलाहासीला एक मालवाहू बोइंग 727 पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. पापीचे दिवे विमान खाली असल्याचे दाखवत होते. थकवा आणि इतर चुकांबरोबरच, विमान चालवत असलेल्या सहवैमानिकाचा रंगदोष हेही तपास मंडळाने अपघाताला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवले. विमानातले तिघेही वाचले, पण गंभीर जखमी झाले.

तुम्ही आई म्हणून विचारता, तर हेही सांगतो. लाल-हिरव्याचा जन्मजात दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळते. म्हणजे हा वारसा आजोळचा. तुमच्या वडिलांना हा दोष असेल तर तुम्ही वाहक आहात आणि प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. धाकटा भाऊ असेल तर त्याचीही चाचणी करून ठेवा. रंगांधळेपणा घालवतो म्हणून विकले जाणारे लालसर चष्मे आणि लेन्स नवा रंग दाखवत नाहीत, फक्त दोन रंगांतला उजळपणा बदलतात. मेडिकलला ते चालत नाहीत.

प्रश्न: परदेशात रंगदृष्टीचे नियम सैल आहेत म्हणे. तिकडून परवाना काढून आणला तर? (विद्यार्थी, ठाणे)

परदेशी परवाना भारतीय करून घ्यायला डीजीसीएची क्लास वन लागतेच, त्यामुळे वळसा घालून शेवटी त्याच टेबलापाशी याल. शिवाय तिकडे नियम सैल होत चाललेत असेही नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2025 पासून नव्या उमेदवारांची रंगदृष्टी संगणकावरच्या मान्य चाचणीने तपासतात. ब्रिटनमध्ये सीएडी नावाची चाचणी दोष किती आहे हे आकड्यात मोजते आणि सौम्य दोष असलेल्यांना त्यातून वाट मिळते. पण तो निकाल तिथल्या परवान्यापुरता.

प्रश्न: वय 19, नंबर मायनस 5. मेडिकलआधी लॅसिक करून मोकळे व्हावे का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

नागरी परवान्यासाठी लॅसिकची, म्हणजे लेझरने नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेची, गरज नाही, तेव्हा मेडिकलच्या भीतीने करू नका. चष्म्याने 6/6 दिसणारा निरोगी डोळा तुमच्याकडे आहे. त्यावर शस्त्रक्रिया झाली की तो डोळा नियमानुसार परिणाम राहिले नाहीत हे सिद्ध होईपर्यंत अपात्र ठरतो. म्हणजे नसलेला प्रश्न पदरमोड करून विकत घेण्यासारखे आहे.

19 व्या वर्षी अनेकांचा नंबर चढता असतो. वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर हे नंबराचे एकक) जास्त फरक पडला असेल तर कोणताही जबाबदार सर्जन थांबायला सांगेल. बुबुळाची जाडी सरासरी 540 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. लॅसिकमध्ये बुबुळाचा जो पापुद्रा उचलतात तो सुमारे 110 मायक्रॉनचा असतो आणि एका डायॉप्टरला ढोबळमानाने 12 ते 15 मायक्रॉन ऊती जाळावी लागते. तुमच्या पाचला 60 ते 75 गेले. खाली किमान 250 उरले पाहिजेत. हिशेब तुमच्या बाबतीत बसेलही, पण ज्याची जाडी मुळात बरीच कमी आहे त्याचा बसत नाही, आणि टोपोग्राफीत केरॅटोकोनसची छाया असेल तर हिशेब बसूनही लॅसिक करू नये. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे आणि डोळे कोरडे पडणे हे लॅसिकचे नेहमीचे परिणाम, आणि वैमानिकाला दोन्ही नडतात.

हवाई दलात जायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शस्त्रक्रिया 20 वर्षे पूर्ण होण्याआधी झालेली नसावी, तिला 12 महिने झालेले असावेत, आधीचा नंबर 6 डायॉप्टरच्या वर नसावा, डोळ्याची लांबी ठरावीक मर्यादेहून जास्त नसावी आणि नंतर उरलेली बुबुळाची जाडी 450 मायक्रॉनहून कमी नसावी. म्हणजे तुम्हाला निदान विशी पूर्ण होईपर्यंत थांबावेच लागेल.

शस्त्रक्रिया झालेली असेल तर फॉर्मवर लिहा. पापुद्र्याची कड स्लिट लँप या नेत्रतज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली आणि सपाट झालेले बुबुळ टोपोग्राफीत दिसते. आधीचा नंबर, टोपोग्राफी, जाडी, डोळ्याची लांबी आणि शस्त्रक्रियेचा अहवाल हे कागद जपून ठेवा. डोळ्याची लांबी शस्त्रक्रियेनंतरही मोजता येते, पण आधीचा नंबर सिद्ध करायला जुना कागदच लागतो.

प्रश्न: लहानपणापासून डावा डोळा आळशी आहे. चष्मा लावूनही 6/12. उजवा 6/6. दोन्ही मिळून मला सगळे दिसते. (वाचक, रत्नागिरी)

दोन्ही मिळून 6/6 असले तरी क्लास वनला प्रत्येक डोळा वेगळा 6/9 हवा, आणि आळशी डोळ्याची अडचण काचेत नसून मेंदूच्या सवयीत असते. नंबर वाढवून ओळ वाढत नाही. डोळ्याला पट्टी बांधण्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत उत्तम लागू पडतो. पुढे फायदा कमी होत जातो, पण कुमारवयातही थोडा होऊ शकतो. एक ओळच कमी असल्याने चांगल्या नेत्र रुग्णालयात एकदा विचारून पाहा. त्याआधी 6/12 हे मोजमाप चोख नंबर काढून झाले आहे का, याची खात्री करा. आहे त्या नजरेत क्लास टूचा 6/12 बसतो. हौशी वैमानिकाचा खासगी परवाना त्यावर मिळू शकतो, पण दोन्ही डोळ्यांचा मेळ आणि दृष्टीचा परीघ सामान्य असायला हवा.

प्रश्न: वय 46, विमान कंपनीत वैमानिक. दूरचे स्वच्छ दिसते, पण चार्ट आणि वरच्या पॅनेलवरची अक्षरे लांबवावी लागतात. एका डोळ्याला जवळची आणि दुसऱ्याला दूरची लेन्स घालावी का? (मुंबई)

अजिबात नको. या मोनोव्हिजनमुळे दोन डोळ्यांनी मिळून खोली जोखण्याची क्षमता कमी होते. 19 ऑक्टोबर 1996 रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर एक एमडी-88 उतरताना धावपट्टीआधीच्या दिव्यांवर आदळले. जीवितहानी झाली नाही. कॅप्टनने मोनोव्हिजन लेन्स घातल्या होत्या आणि त्यामुळे त्याला विमानाची जागा नीट जोखता आली नाही, असे तपासात ठरले. इकाओच्या नियमानुसार वैमानिकाच्या कॉन्टॅक्ट लेन्स एकाच पॉवरच्या आणि बिनरंगी असाव्या लागतात.

दुकानात मिळणारी पूर्ण काचेची चाळिशीही चालत नाही, कारण तिच्यातून मान वर करून बाहेर पाहिले की सगळे धूसर होते. तुम्हाला दूरचा नंबर नसेल तर वरून बाहेर पाहता येईल असा अर्धा चष्मा किंवा वरचा भाग बिननंबरी असलेला बायफोकल घ्या. दूरचाही नंबर असता तर एकाच चष्म्यात दोन्ही लागले असते. दर वेळी चष्मा बदलणे मान्य नाही.

नंबर काढायला जाताना टेपने तीन अंतरे मोजून न्या: डोळ्यापासून चार्टपर्यंत, समोरच्या पॅनेलपर्यंत आणि वरच्या पॅनेलपर्यंत. नेहमीच्या बायफोकलचा जवळचा तुकडा तळाला असतो, त्यामुळे वरचे बटण वाचायला मान पार मागे टाकावी लागते. वर आणि खाली दोन्हीकडे जवळचा तुकडा असलेली काच मिळते. ती ऑर्डर देऊन करावी लागते आणि ऑप्टिशियनला ती का हवी हे समजावावे लागते. प्रोग्रेसिव्ह काच (दूरचा नंबर हळूहळू जवळच्यात बदलणारी) घेतलीत तर कडेला वाकडे दिसते; निदान दोन आठवडे जमिनीवर सवय करा.

गॉगलही याच वेळी तपासा. पोलराइज्ड काच नको: तिच्यातून काही स्क्रीन काळे पडतात, विंडशील्डवर पट्टे उमटतात आणि दुसऱ्या विमानाची चमक दडते. उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच कॉकपिटमध्ये पुरेशी गडद होत नाही, कारण तिला लागणारे अतिनील किरण विंडशील्डच अडवते. साधी करडी काच उत्तम.

प्रश्न: एअर ट्रॅफिक कंट्रोलरला दृष्टीची अट सौम्य असते का? (नागपूर)

नाही. इकाओच्या क्लास थ्रीमध्ये दृष्टीचे आकडे क्लास वनचेच आहेत: प्रत्येक डोळा 6/9, मिळून 6/6, एन5 आणि एन14. रंगदृष्टीही तपासतात.

प्रश्न: डोळ्यांच्या व्यायामाने नंबर जातो का? (तीन वाचकांचा एकच प्रश्न)

जात नाही. मायनस नंबर डोळ्याच्या लांबीमुळे येतो आणि स्नायू फिरवून लांबी कमी होत नाही. व्यायामाचा उपयोग एका ठिकाणी आहे: जवळ पाहताना दोन्ही डोळे एकत्र वळत नसतील तर पेन्सिल हातभर अंतरावरून नाकाकडे आणत, दोन दिसू लागेपर्यंत, दिवसातून काही मिनिटे. हा दोष मेडिकलमध्ये तपासतात. त्यामुळे वाचताना डोके दुखणाऱ्या, ओळी सरकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो नेत्रतज्ज्ञाकडून मोजून घ्यावा आणि सुधारायला दोन-तीन महिने हातात ठेवावेत.